बोरिवलीच्या रानातील एक पाठ

वाकोल्यासारख्या दाट वस्तीतील शाळांत वनस्पतींचा पाठ बहुधा फळ्यावरील चित्रानेच आटोपला जातो. मूळ, खोड, पान, फूल ही नावे मुले घोकतात. परंतु पहिल्या पावसाबरोबर कुंपणाशी उगवलेला टाकळा त्यांस ओळखता येत नाही. सांताक्रूझहून लोकलने बोरिवलीस उतरावे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळच आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या रानात वारली लोकांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या वसलेले आहेत. झाडाचे नाव, त्याचा ऋतू व उपयोग ज्यांस ठाऊक आहे, अशी माणसे झाडाशेजारीच राहतात, हे या स्थळाचे विशेष होय.

सहल जून-जुलैत न्यावी. सोमवारी उद्यान बंद असते. वाघ-सिंह पाहण्याचा मुलांचा हट्ट स्वाभाविक आहे, पण तो आधी पुरविल्यास पाठ उरत नाही, असा अनुभव आहे. वनखात्याच्या निसर्ग माहिती केंद्राकडे अगोदर विचारणा करून पाड्यावरील एखादी जाणती स्त्री वा वृद्ध गृहस्थ बरोबर घ्यावे. त्यांस मानधन द्यावे आणि मुलांनी त्यांस ‘गुरुजी’ किंवा ‘बाई’ असेच संबोधावे.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे आपण अध्यापन विद्यालयात शिकलो. येथे त्याचा उपयोग होतो. अळू खाजरे असते व त्यात चिंच किंवा आमसूल घालतात, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. आता रानातील शेवळ पाहा. पावसाच्या आरंभी पानांच्या आधीच त्याचा जांभळट कोंब जमिनीतून वर येतो. हे अळूच्याच कुळातील झाड. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशास टोचतात. भाजी करताना आतील पिवळा भाग काढून टाकतात आणि काकड या झाडाची आंबट फळे तीत घालतात. कोणते झाड कोणत्या झाडाचा दोष मारते, हे कोणी तरी प्रथम शोधून काढले असले पाहिजे. ते शोधणाऱ्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत; प्रयोगशाळा मात्र चुलीपाशीच होती. (मुलांस कोणतीही वनस्पती कच्ची चाखू देऊ नये, हे सांगावयास नकोच.)

दुसरे उदाहरण सफेद मुसळीचे. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ असे आहे. फादर सांतापाव व फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1950 नंतरच्या दशकात तिची नोंद केली व आपल्या बोरिवलीचे नाव जगाच्या शास्त्रात गेले. आदिवासी तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. पाने खुडली तरी मुळे जमिनीत राहतात व पुढील पावसात पुन्हा फुटतात. पुढे औषधाच्या व्यापारासाठी मुळेच उपटली जाऊ लागली आणि रानातील मुसळी विरळ झाली. पान खुडणे व मूळ उपटणे यांतील भेद मुलांस याहून सोप्या रीतीने समजावणे कठीण आहे. अर्थात आपण पानही तोडावयाचे नाही; वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये उद्यानातून वनस्पती आणण्यास मनाई आहे. गळलेल्या पानावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा, तेवढे पुरे.

पाड्यांवरील मुलेही आपल्याच शाळांत येतात. वर्गात ती गप्प बसतात आणि आपण त्यांच्या प्रगतिपत्रकावर ‘सामान्य’ असा शेरा मारतो. ज्या मुलीस चाळीस झाडे नावानिशी ठाऊक आहेत, तिला चार झाडांची नावे विचारणारा पाठ लिहून काढावयास आपण लावतो. उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिला. पुढे 2006 चा वनहक्क कायदा आला. पाड्यांनी कोठे राहावे, हा विषय या पुस्तिकेचा नव्हे. परंतु रानापासून दूर इमारतीत वाढलेल्या मुलास शेवळ व काकड यांची सांगड कोण शिकविणार, हा प्रश्न शिक्षकाचाच आहे.

परत आल्यावर प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांस गावाकडील एक पावसाळी भाजी विचारून वहीत लिहावी. वाकोल्यात कोकणी, देशावरची व उत्तरेकडील कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. टाकळ्यासच चकवड म्हणणारे मूल त्याच बाकावर सापडेल.

कारवीचा पाठ मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. वारली लोक हिच्या काठ्यांचा कूड उभारून माती व शेण यांनी लिंपतात. त्यावरच तांदळाच्या पिठाची चित्रे निघतात. या रानातील कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. येथे ती 2016 मध्ये व नंतर 2024 मध्ये फुलली. 2025 च्या जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलाची सातवी 2032 च्या उन्हाळ्यात संपेल, आणि कारवी फुलेल ती त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर. म्हणून बरोबरच्या वृद्धांस मुलांनी विचारावे, “आपण कारवी किती वेळा फुललेली पाहिली?” उत्तर आले, की आठाच्या पाढ्याने पुढील गणित तेथेच करून घ्यावे.