४.३ श्रद्धा, प्रतिमा आणि डिजिटल माध्यम

श्रद्धा आपल्या काळातील माध्यम स्वीकारते. अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण घ्या. साईबाबांचे निर्वाण १९१८ मध्ये झाले. समाधी मंदिरातील संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये स्थापन झाली. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी ती छायाचित्राच्या आधारे घडवली.

आज एखादा भक्त तेच रूप संगणकाच्या पडद्यावर रेखाटतो. तेथे चूक क्षणात पुसता येते आणि चित्राच्या असंख्य प्रती निघतात. मग त्यात साधना उरते का? छायाचित्रही यंत्रानेच टिपलेले होते. तरी त्यावरून घडलेल्या मूर्तीपुढे लाखो लोक हात जोडतात. म्हणजेच कलेतील भक्ती करणाऱ्याच्या एकाग्रतेवर आणि पाहणाऱ्याच्या भावावर अवलंबून असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : यंत्राने आपोआप तयार केलेल्या चित्राला हा निकष लागू पडेल का? सकारण लिहा.