डोळ्यातले तेलाचे थेंब

मधुमेह जुना झाला की डोळ्याच्या पडद्यावर सूज येऊ शकते. मला ती आली. बेस्टच्या देवनार आगारातून निवृत्त झाल्यापासून पेपर वाचणं हाच विरंगुळा, आणि त्यातली अक्षरंच वाकडी दिसायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली. ती लागू पडली, सूज उतरली. पण एका इंजेक्शननंतर उजव्या डोळ्यात गोल ठिपके तरंगायला लागले. कडा काळसर, मधे लख्ख उजेड. पेपर मांडीवर घेऊन मान खाली घातली की नेमके ओळीवर येऊन बसत.

हवेचा बुडबुडा असेल, जिरेल, असं सांगितलं गेलं. हवा दोन-चार दिवसांत जिरतेच. हे जिरेनात. दुसऱ्या रेटिनातज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: सिलिकॉन तेलाचे थेंब. सिरिंजचा दट्ट्या अडकू नये म्हणून नळीला आतून हे तेल लावलेलं असतं. डोळ्यात औषध जातं जेमतेम 0.05 मिलिलिटर, एवढं बारीक माप आणि बारीक सुई इन्सुलिनच्या सिरिंजला असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच वापरतात. बनवलेली मात्र ती कातडीखाली टोचायला. मला दिलेलं बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं औषध. त्याच्या 4 मिलिलिटरच्या कुपीतून डोळ्यासाठी छोटे डोस भरतात, म्हणूनच ते माझ्यासारख्या गोवंडीतल्या माणसाला परवडतं. त्या औषधाला नावं ठेवायचं मला कारण नाही.

त्या इंजेक्शनच्या वेळी तोंडावर कापड यायच्या आधी मी पाहिलं होतं: मदतनीसाने सिरिंज दिव्याकडे उभी धरली आणि हवा वर यावी म्हणून नखाने टिचक्या मारल्या. ब्राझीलमधल्या नेत्रतज्ज्ञांनी सिरिंजा तपासून दाखवलंय की अशा टिचक्यांनी तेल जास्त सुटतं, आणि कुठल्या बनावटीची सिरिंज आहे यावरही ते अवलंबून असतं.

तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे डोळ्यात ते वर चढतं. मान खाली घातली की डोळ्याची मागची बाजू वर येते आणि थेंब पडद्याच्या मध्याजवळ सरकतात. आता मी पेपर समोर, डोळ्यांच्या रेषेत धरतो. थेंब बाजूला राहतात. ते महिनोन् महिने टिकतात, पण बहुतेकांना त्यांचा त्रास ठिपके दिसण्याएवढाच. शस्त्रक्रियेने काढता येतात. मात्र तिचे धोके मोठे, म्हणून सहसा कुणी तो सल्ला देत नाही.

पुढच्या खेपेला आधीच विचारा: औषध कुठलं, सिरिंज कुठली, बिनसिलिकॉनची मिळेल का? टिचक्या मारू नका, अशी विनंती करा. चांगला डॉक्टर रागावत नाही. औषधाचं नाव आणि बॅच नंबर केसपेपरवर लिहून घ्या. ठिपके दिसले तर तेही तिथेच नोंदवून घ्या.

ठिपक्यांना घाबरून इंजेक्शनं सोडणारे मला रांगेत भेटलेत. कृपा करून तसं करू नका. उपचाराविना राहिलेली सूज नजर कायमची नेऊ शकते. पण इंजेक्शननंतर डोळा ठणकायला लागला, लाल झाला, दिसणं कमी झालं, विजा चमकल्यासारखं किंवा पडदा पडल्यासारखं वाटलं, तर तेलाचंच असेल म्हणून घरी बसू नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र झाली असेल तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.