जुन्या होडीस नवे एंजिन

मासेमारीची होडी आणि तिला लावलेले एंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. नीट बांधलेली आणि वेळच्या वेळी डागडुजी केलेली होडी वीस-वीस वर्षे समुद्र सोसते. खाऱ्या पाण्यात रोज बुडणारे एंजिन मात्र तिच्या निम्मे वयही क्वचितच गाठते. म्हणून बहुतेक प्रत्येक होडीच्या आयुष्यात अशी एक वेळ येते, की होडी धड आहे, पण एंजिन गेले. आता पुढे काय करावयाचे? पुष्कळ मालक म्हणतात, ‘होते तेवढ्याच शक्तीचे नवे आणावे, म्हणजे झाले.’ पण मधल्या काळात होडी पूर्वीची राहिलेली नसते आणि दुकानातील एंजिनही पूर्वीचे राहिलेले नसते. या दोन बदलांचा मेळ घातला नाही, तर कर्ज काढून आणलेले एंजिन चांगले असूनही होडीला घातक ठरू शकते.

येथे आपण विचार करणार आहोत तो केवळ बाहेर टांगावयाच्या एंजिनाचा, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘आउटबोर्ड’ म्हणतात त्याचा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिलवॉकी शहरी १९०९ मध्ये असे एंजिन विक्रीस आणले आणि तेव्हापासून त्याचा खरा प्रसार झाला. आपल्या देशात ते मच्छीमारांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आले १९८० नंतर, आणि त्यातही प्रथम केरळच्या किनाऱ्यावर. त्रिवेंद्रमच्या दक्षिणेस त्या काळी बंदर असे फारसे नव्हतेच. फुटणाऱ्या लाटांतून होडी थेट वाळूवर आणावी लागे. त्याच सुमारास तेथे प्लायवूडच्या हलक्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या व मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांनी एंजिने पुरविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. होडी किनाऱ्याला लागली की एंजिन काढावयाचे, वाशाला बांधावयाचे आणि दोघांनी खांद्यावरून घरी न्यावयाचे, हा तेथील परिपाठ. अशा ठिकाणी एंजिनाचे वजन ही कागदावरची बाब नव्हे; ती रोज खांद्याला जाणवणारी बाब आहे. गोव्याच्या व सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील लहान फायबरच्या होड्यांनाही हेच एंजिन लागते. मुंबईकडील मोठ्या नौकांत डीझेल एंजिन आत बसविलेले असते, त्यांची गोष्ट निराळी.

नवे एंजिन पाहण्यापूर्वी जुनी होडी पाहावी. होडीच्या मागील ज्या आडव्या फळीवर एंजिन अडकवितात, तिला आपण पाठफळी म्हणू. एंजिनाचा सारा जोर या फळीवर येतो. पंखा पाण्यात फळीच्या वरच्या कडेपासून अर्धा मीटर किंवा त्याहून खाली असतो. तो होडीस पुढे ढकलतो तेव्हा फळीस नुसता धक्का बसत नाही, तर तरफेप्रमाणे पीळ बसतो. पंचवीस अश्वशक्तीचे एंजिन ऐन जोरात असताना हा रेटा शंभर किलोंच्या पुढे सहज जातो, आणि लाटेवर होडी आदळली की एंजिनाचे स्वतःचे वजनही हिसके देते. फायबरच्या होडीत ही फळी बहुधा दोन थरांमध्ये प्लायवूड घालून केलेली असते. जुन्या एंजिनाच्या बोल्टांची भोके नीट बुजविलेली नसली, तर त्यांतून पाणी आत झिरपते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फळी आतून कुजते. 

हे ओळखावे कसे? लाकडी हातोडीने फळीवर सर्वत्र हलके ठोकून पाहावे. भरीव लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द बोलते. जुने एंजिन अद्याप जागेवर असेल तर त्याचा पाय धरून वरखाली हलवावा व दुसऱ्याने फळीकडे पाहावे. ती होडीच्या बाजूंपाशी लवत असेल किंवा सांध्यात केसासारखी चीर उघडमीट करीत असेल, तर निदान झाले. तरीही शंका राहिली, तर आतल्या बाजूने, तळाजवळ, बारीक भोक पाडून निघणारा भुसा पाहावा. तो कोरडा व फिका असावा. ओला आणि काळपट निघाला तर फळी बदलल्यावाचून नव्या एंजिनाचे नाव काढू नये. भोक मागाहून नीट बुजविले पाहिजे, हे सांगणे नकोच.

फळी सुदृढ असली की तिची उंची मोजावी : मध्यभागी, वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत, सरळ उभी. एंजिनाचा पाय निरनिराळ्या लांबीचा मिळतो. आखूड पाय सुमारे १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर उंचीच्या फळीस, आणि लांब पाय सुमारे २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर उंचीच्या फळीस लागतो. याहून लांबही असतात. पंख्याच्या लगेच वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा तिच्या किंचित खाली, फार तर इंचभर, यावी. पाय आखूड पडला तर पंखा पृष्ठभागावरील हवा ओढून घेतो. एंजिन एकदम किंचाळू लागते पण होडी ढकलली जात नाही, आणि हे नेमके घडते ते लाटेच्या माथ्यावर, जेथे जोराची सर्वांत अधिक गरज असते. पाय लांब झाला तर पाण्याचा अडथळा वाढतो व वाळूला पंखा घासतो. डागडुजीत पाठफळी कापलेली किंवा उंचावलेली असण्याचा संभव असतो. म्हणून जुन्या एंजिनाच्या कागदावरून लांबी ठरवू नये.

आता शक्तीचा प्रश्न. अधिक अश्वशक्ती म्हणजे अधिक वेग, हा समज जमिनीवरील वाहनांवरून आलेला आहे. जड होडी पाणी बाजूस सारून चालते आणि चालताना स्वतःच एक लाट उभी करते. वेग वाढला की ही लाट लांबते. तिची लांबी होडीच्या लांबीइतकी झाली की होडी जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. हा वेग नॉटमध्ये काढावयाचा, तर पाण्यात असलेल्या होडीच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ काढून त्यास २.४३ ने गुणावे. नऊ मीटरच्या होडीस तो सुमारे ७.३ नॉट येतो. लांब व अरुंद होड्यांना ही मर्यादा तितकी कडक लागत नाही, आणि रिकामी हलकी होडी मोठ्या एंजिनाने पाण्यावर उचलली जाऊन तिच्या पलीकडे जाते. पण जाळे, बर्फ, मासे व पाच माणसे घेऊन परतणाऱ्या होडीस ती लागतेच. 

या मर्यादेच्या अलीकडेही, लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटऐवजी सात नॉटने चालल्यास सुमारे दोनतृतीयांश शक्ती पुरते. मासळीच्या लिलावास दहा मिनिटे आधी पोहोचण्याची किंमत कोणी किती द्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु ती किंमत प्रत्येक फेरीस इंधनात द्यावी लागते, एवढे हिशेबात धरावे. माझ्या मते बहुतेक जुन्या होड्यांस पूर्वीच्याहून मोठे एंजिन लावण्याचा मोह टाळावा. होडी बांधणाऱ्याने पाठफळीची जाडी त्या वेळच्या एंजिनाचा अंदाज घेऊन ठरविलेली असते.

बाजारात ‘९.९’ अशी एक चमत्कारिक शक्ती दिसते. तिच्यामागे यंत्रशास्त्राचे काही रहस्य नाही. अमेरिकेतील अनेक जलाशयांवर दहा अश्वशक्तीपासून निराळे नियम लागू होतात. त्यांच्या अलीकडे राहण्यासाठी हा आकडा रूढ झाला आणि पुढे केरळच्या वाळूवर येऊन पोहोचला.

जुने एंजिन बहुधा ‘टू-स्ट्रोक’, म्हणजे दट्ट्याच्या दर दोन धावांत एकदा इंधन पेटविणारे, असते. ते हलके, साधे व गावातल्या गावात उघडता येण्याजोगे. पण त्याचा एक अंगभूत दोष आहे. जळालेला वायू बाहेर घालविण्यासाठी नवे इंधनमिश्रण आत येते, तेव्हा धुराचे द्वार उघडेच असते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या एंजिनात इंधनाचा पाव ते तिसरा हिस्सा न जळताच निसटतो. चार धावांच्या एंजिनात ही गळती जवळजवळ नाही. समजा, पंचवीस अश्वशक्तीचे जुने एंजिन भर जोरात तासाला अकरा लिटर पेट्रोल पिते आणि नवे आठ लिटर. वर्षाचे दोनशे दिवस, दिवसाचे पाच तास धरले तर एका वर्षात तीन हजार लिटरांचा फरक पडतो. नव्या एंजिनाची जास्तीची किंमत यापुढे फार काळ टिकत नाही.

मग सर्वांनी चार धावांचेच घ्यावे काय? इतके सरळ ते नाही. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक एंजिन सत्तर ते पंचाहत्तर किलोंचे असते. त्याच शक्तीचे चार धावांचे शंभर किलोंच्या आसपास. हे जास्तीचे पंचवीस-तीस किलो होडीच्या अगदी टोकाला येतात. जुन्या होडीचा मागील भाग त्यामुळे बसतो, पाणी निघून जाण्याची भोके पाण्याच्या पातळीखाली जातात आणि मागून येणारी लाट आत शिरते. निर्णयापूर्वी एक सोपी परीक्षा करावी : तेवढ्या वजनाची वाळूची पोती पाठफळीशी ठेवून, नेहमीचे ओझे भरून, होडी शांत पाण्यात पाहावी. पेट्रोलची टाकी व बर्फाची पेटी पुढे सरकवून समतोल साधत असेल तर ठीक. नसेल तर कमी शक्तीचे एंजिन निवडावे. शिवाय चार धावांच्या एंजिनास निराळे तेल भरावे लागते व ते वेळेवर बदलावे लागते. वाळूवरून वाहून नेताना ते भलत्या कुशीवर आडवे केल्यास तेल सिलिंडरात शिरते. कोणती कूस चालते ते पुस्तिकेत पाहून वाहणाऱ्या दोघांनाही सांगून ठेवावे.

रॉकेलवर चालणाऱ्या एंजिनांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण केरळात त्यांनी दीर्घकाळ राज्य केले. रॉकेल पेट्रोलपेक्षा लवकर ठोके देते, म्हणून अशा एंजिनात मिश्रण कमी दाबावे लागते व शक्ती कमी मिळते. ते पेट्रोलवर सुरू करावयाचे, तापल्यावर रॉकेलवर न्यावयाचे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे. यात आळस झाला की प्लगवर काजळी धरते. स्वस्त रॉकेलाचा पुरवठा हातचा असेल तरच या खटाटोपात अर्थ आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लांब दांड्याच्या टोकाशी पंखा असलेली लहान डीझेल एंजिने वापरतात. ती बोजड व कर्कश असली, तरी त्याच शक्तीच्या टू-स्ट्रोक पेट्रोल एंजिनाच्या सुमारे निम्म्या इंधनात काम करतात.

पंख्याकडे खरेदीच्या वेळी कोणी फारसे पाहत नाही. ग्रंथांत त्यास ‘मळसूत्री पंखा’ म्हणतात आणि ते नाव अन्वर्थक आहे. लाकडात फिरणारा मळसूत्री खिळा जसा दर फेऱ्यास ठराविक पुढे सरकतो, तसा पंखाही सरकला असता, तर त्या अंतरास त्याची चाल म्हणावयाचे. चाल ११ इंच, एंजिनाचे फेरे मिनिटास ५०००, आणि गिअरमुळे पंख्याचे २५०० असे धरा. पंखा मिनिटाला २७,५०० इंच, म्हणजे जवळजवळ ७०० मीटर जाऊ पाहतो. हा वेग बावीस नॉटांच्या वर झाला! भरलेली होडी तर सात नॉटने चालली आहे. म्हणजे दोनतृतीयांश फिरणे पाणी घुसळण्यात गेले. असा पंखा हलक्या सहलीच्या होडीसाठी केलेला असतो आणि एंजिनाबरोबर बहुधा तोच मिळतो. मच्छीमारास हवा तो मोठ्या व्यासाचा, कमी चालीचा पंखा, आणि मिळाल्यास पंखा अधिक सावकाश फिरविणारा गिअर.

सुटे भाग मिळतील की नाही याची चौकशी विक्रेत्याकडे न करता किनाऱ्यावरील मेकॅनिककडे करावी. ज्याच्या नावाने हे एंजिन जगभर पसरले, त्या एव्हिनरूड नावाच्या एंजिनांचे उत्पादनच २०२० मध्ये थांबविण्यात आले. मोठे नाव म्हणजे कायमचा पुरवठा नव्हे. पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर, प्लग, इंधनाची गाळणी आणि गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा, एवढे तरी गावाजवळ मिळावे. जुने एंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल तर ते मोडीत देण्याची घाई करू नये. तेवढ्यावर होडी घरी येऊ शकते. वल्ही मात्र होडीत असावीतच.

एंजिन बसविल्यावर पहिली चाचणी रिकाम्या होडीने घेऊ नये. नेहमीचे जाळे, माणसे व बर्फ घेऊन, पूर्ण जोर देऊन, फेरे मोजण्याच्या यंत्रावर आकडा पाहावा. पुस्तिकेत जी मर्यादा दिली असेल, उदाहरणार्थ ४५०० ते ५५००, तिच्या वरच्या अर्ध्यात तो यावा. तो खाली राहिला तर एंजिन ओझ्याखाली कण्हत आहे. एक इंच कमी चालीचा पंखा लावल्यास फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी वाढतात. पहिले दहा तास एंजिन सतत पूर्ण जोरात चालवू नये, आणि पुस्तिकेने सांगितलेल्या पहिल्या मुदतीस गिअरमधील तेल बदलावे. त्या तेलात पोलादाची बारीक पूड दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, नव्या दात्यांची ती घासट असते. तेल दुधासारखे पांढरे दिसले तर मात्र आत पाणी शिरले आहे, आणि ते एंजिन त्याच दिवशी दुकानात परत नेले पाहिजे.