या महिन्याचा पाठ : कोठडीतल्या माणसाची गोळी



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, भावाला पोलिसांनी नेलंय. त्याला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. आत त्या कोण देणार?" मला नीट सांगता आलं नाही. मी माहिती काढून फोन केला, तोवर तीन दिवस गोळ्यांविना गेले होते. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून हा पाठ.

पाहणी काय सांगते?
बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ कैद्यांची पाहणी केली. २०११ मध्ये तिचा अहवाल आला. दर पाचांत जवळजवळ चौघांना मानसिक आजार किंवा व्यसनाचा त्रास होता. व्यसन सोडलं तरी चारांत एकाहून जास्त जण आजारी होते. याचा अर्थ आजारी माणूस गुन्हेगार असतो, असा नाही. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चारांत जवळजवळ तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो.

कायदा काय म्हणतो?
पूर्वी गुन्हा नसतानाही मानसिक रुग्णांना तुरुंगात ठेवत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी दाद मागितली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. अशा रुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम आपल्याच कर्जतला श्रद्धा संस्थेत चालतं. त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गुन्ह्यात अटक झालेल्यालाही उपचाराचा हक्क आहे. अटक झाली म्हणून औषध बंद होत नाही. पण आजार सांगितल्याशिवाय तिथे कळणार कसा?

घरातल्यांनी काय करायचं?
१. त्याच दिवशी गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुन्या कागदांची झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात जा. मूळ कागद घरीच ठेवा.
२. आजार आणि गोळ्यांची नावं अर्जात लिहून द्या. आपल्या प्रतीवर पोच घ्या.
३. २४ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर हजर करावंच लागतं. तिथे वकिलामार्फत आजार सांगा. खटला समजण्याची अवस्था नसेल, तर कोर्ट तपासणी करायला लावतं आणि खटला थांबवू शकतं.
४. वकिलाला पैसे नसतील तर घाबरू नका. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.
५. तुरुंगात पाठवलं तर तिथल्या डॉक्टरांच्या नावे पुन्हा अर्ज द्या. भेटीला गेलात की "गोळी मिळते का, झोप लागते का?" हे आधी विचारा.

घरच्या बाईचाही जीव या काळात टांगणीला लागतो. बोलायला कुणी नसेल तर टेली मानस १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गटात बोलूया
- घरात कुणाला अशा गोळ्या चालू असतील, तर त्यांचे कागद कुठे ठेवलेत?
- लाजेपायी आपण कुणाचा आजार लपवतोय का?
- अशी वेळ आली तर ठाण्यात सोबत कोण जाईल? दोघींची नावं आजच ठरवा.