हिवाळ्यात गाडीसमोर नीलगाय का येते?

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत असते. नोव्हेंबर लागला की तिकडे सगळे एकमेकांना बजावतात, हरणं येतील, गाडी जपून चालवा. मी नोकरीनिमित्त नागपूरहून गुरुग्रामला आलो आहे आणि रोज फरिदाबादला गाडीने जातो. इथेही डिसेंबर-जानेवारीत नीलगाय आडवी आल्याचं ऐकतो. याचा ऋतूशी खरंच संबंध आहे, की सगळा दोष धुक्याचा?
– एक वाचक, गुरुग्राम

उत्तर : ऋतूशी संबंध नक्की आहे. जनावर रस्त्यावर का येतं आणि आपल्याला ते वेळेत का दिसत नाही, हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. धुक्याचा संबंध दुसऱ्याशी.

न्यू जर्सीतली हरणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात माजावर येतात. मादीमागे धावणाऱ्या नराला रस्त्याचं भान नसतं. दिल्लीच्या आसपास गाठ पडते ती मुख्यतः नीलगाईशी, म्हणजे तुमच्या विदर्भातल्या रोहीशी. तिच्या माजाचा भर उत्तरेत साधारण हिवाळ्यातच असतो. त्याच सुमारास हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गहू, मोहरी, हरभरा शेतात उभा असतो. दिवसा झुडपांत थांबायचं आणि तिन्हीसांजेला पिकात उतरायचं, या वाटेत आता रस्ते आले आहेत. तुमचा गुरुग्राम-फरिदाबाद रस्ता तर अरवलीचं जंगल चिरत जातो. तिथे बिबटेही गाड्यांखाली मेले आहेत.

शिवाय डिसेंबरात दिल्लीत साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो. जूनमध्ये सात वाजता लख्ख उजेड असतो. हिवाळ्यात ऑफिस सुटायची वेळ आणि नीलगाईची चरायला निघायची वेळ एकच होते.

यात भर पडते धुक्याची. निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि जमिनीलगतची ओल असली की पहाटे ते दाटतं. दीड सेकंदाने पाय ब्रेकवर गेला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 80 च्या वेगातली गाडी थांबायला सुमारे 70 मीटर लागतात. 60 च्या वेगात साधारण 45. दाट धुक्यात 50 मीटरपलीकडचं दिसत नसेल, तर 80 च्या वेगात धडक ठरलेलीच. त्यात नीलगाईचे पाय लांब. बॉनेट पायांवर आदळतं आणि दोनशे किलोंच्या आसपासचा नर थेट समोरच्या काचेवर येतो.

उन्हाळाही निर्धोक नाही. एप्रिलमध्ये गहू कापला की आडोसा जातो, पाणवठे आटतात आणि कळप पाण्यासाठी हिंडतात. पावसाळ्यात चारा-पाणी जागेवर मिळतं. तेव्हा आपल्याला सांभाळायचं ते निसरड्या रस्त्याला.

संध्याकाळी आणि पहाटे वेग 60 च्या आत ठेवा, धुकं वाढेल तसा आणखी उतरवा. धुक्यात हाय बीम लावू नका. प्रकाश थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो. एक नीलगाय ओलांडून गेली तरी लगेच वेग वाढवू नका, मागे कळप असू शकतो. ती अंगावर आलीच, तर आपल्याच लेनमध्ये सरळ ब्रेक दाबा. स्टिअरिंग झटक्यात वळवलं की गाडी उलटते किंवा समोरच्या वाहनावर जाते. अपघात झालाच तर 112 ला फोन करा, आणि जखमी जनावराजवळ जाऊ नका.

यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात धुक्यासाठी वेगमर्यादा उतरवतात. जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर ती उतरायला हवी. खरा इलाज मात्र तुमच्या नागपूरजवळच आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. खालून वाघापासून चितळापर्यंत सगळे जातात, वरून ट्रक. अरवलीतल्या रस्त्यांसाठी दिल्ली-हरियाणाच्या नागरिकांनी हीच मागणी लावून धरली पाहिजे. नीलगाय ऋतू पाहूनच चालणार; रस्ता कसा बांधायचा, हे आपल्या हातात आहे.