आजारी आजी-आजोबांना भेटताना

आपल्या इंदूरच्या पुष्कळ घरांतले आजी-आजोबा दूरगावी एकटे राहतात. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; आपली गाडी तोवर पोहोचत नाही. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे व १०८ हा क्रमांक त्यांच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावा.

मग भेटीला जाऊन काय करायचे? इस्पितळातून घरी आल्यावरही आपली गरज असते. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहाव्या, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यावी, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांच्याबरोबर करावा. जे त्यांना जमते, ते त्यांनाच करू द्यावे. यालाही आम्ही सेवाच म्हणतो.

आज घरी विचारा: त्या शेजाऱ्यांचा फोन नंबर आपल्याकडे आहे का?