मान सोडविणे : आजच्या काळातील अर्थ

सूरह अल-बलदमध्ये नेकीच्या मार्गाला अवघड चढणीची उपमा दिली आहे. त्या चढणीवरील पहिले कृत्य म्हणजे ‘मान सोडविणे’, अर्थात बंधनात पडलेल्या माणसाला मुक्त करणे. गुलामांचे बाजार उठले, पण नोकरीचे वा निकाहचे आमिष दाखवून मुली आजही विकल्या जातात. स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असा आशय सहीह बुखारीतील हदीसमध्ये आहे.

तथापि सुटका ही केवळ सुरुवात होय. १९९६ साली मुंबईच्या वेश्यावस्त्यांतून सोडविलेल्या नेपाळी मुलींना मायदेशी आसरा देण्यास ज्या संस्था पुढे आल्या, त्यांत ‘माइती नेपाळ’ होती. माइती म्हणजे माहेर! कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’ ही संस्था तेथील स्त्रियांच्या मुलांना रात्री सुरक्षित ठेवते, जेणेकरून पुढची पिढी त्या दलदलीत ओढली जाऊ नये.

आपल्या मोहल्ल्यात अशी मुलगी परतली, तर तिला माहेर मिळेल काय? सूरह अन-नूरची ३३वी आयत मुलींवर जबरदस्ती करण्यास मनाई करते आणि जबरदस्ती झालेल्यांना अल्लाहच्या क्षमेची व दयेची ग्वाही देते. मग तिला दोषी ठरविणारे आपण कोण?

म्हणून परगावच्या स्थळाची पूर्ण चौकशी केल्याखेरीज निकाह ठरवू नका. मूल संकटात दिसल्यास १०९८ वर कळवा. आणि परतलेल्या लेकीसाठी दार उघडे ठेवा. मान सोडविण्याचे कार्य तेथेच पूर्ण होते.